अज्ञात स्त्रीचा दगड

गावच्या वारसास्थळांचा संचालक झाल्यापासून त्याला कुठलीही गोष्ट नुसती बघवेनाशी झाली होती. दिसली वस्तू की लाव फलक. गावाच्या कडेचं जुनं धुणीघर वारसा म्हणून त्याच्या ताब्यात आलं आणि मग तर विचारूच नका.

तसं ते धुणीघर म्हणजे काय? वर छप्पर, मध्ये लांबट दगडी हौद, एका तोंडानं ओढ्याचं पाणी आत येतं, दुसऱ्या तोंडानं बाहेर जातं, आणि हौदाच्या कडेनं धुवायचे उतरते दगड. एवढंच. ह्यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा बघू! पण ह्या गृहस्थानं हौदापाशी 'हौद' असा फलक लावला. पाण्यापाशी 'पाणी : एक प्रवास' असा लावला. ओढ्यावर चतुर उडतात, त्यांची माहिती देणारा तर एवढा थोरला फलक उभा केला की त्याच्यामागे ओढाच दिसेना. मग 'ओढा या बाजूला' असा एक बाणही लावावा लागला.

हा सगळा खटाटोप 'वारसा व निसर्ग रंजक-उलगडा पुरस्कारा'साठी होता. पाहुण्यांना आणि गावकऱ्यांना जुन्या जागा गोडीनं समजावून सांगणाऱ्यांना तो मिळतो. संचालकाच्या साडूला तो मिळाला होता. साडूकडे एक जुना दीपस्तंभ होता आणि आता दिवाणखान्यात एक पितळी मशाल होती. सासऱ्यांकडे जेवायला बसलं की साडू मीठ मागतानासुद्धा मशालीचा विषय काढायचा. आणि सासरे, ज्यांनी ह्याला आजवर कधी 'काय म्हणता' एवढंही विचारलं नव्हतं, ते साडूच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढायचे. संचालक आपलं आपण वाढून घ्यायचा.

तर धुणीघर तयार झालं, पण एक अडचण उरली. तिथे बायका धुणं धुवायच्या.

अगदी रोज. सकाळी बादल्या घेऊन यायच्या, कपडे आपटायच्या, पिळायच्या, मोठमोठ्यानं बोलायच्या आणि फलकांवर टॉवेल वाळत घालायच्या. त्यांच्यात संचालकाची आईही होती. त्यानं तिला केव्हाच वॉशिंग मशीन घेऊन दिलं होतं. पण ती म्हणायची, "अरे, ते नुसतं घुरघुरतं. 'काय गं, गुडघा कसा आहे?' असं विचारतं का कधी?"

शेवटी त्यानं नियमाचं बोट धरलं. साबणानं चतुरांना त्रास होतो असं जाहीर केलं आणि दाराला कुलूप ठोकलं. किल्ली स्वतःच्या खिशात. सगळ्यात सुंदर झिजलेल्या दगडावर त्यानं काचेची पेटी बसवली. आतून बारीक दिवा सोडला आणि खाली फलक लावला : 'हा दगड कोण्या अज्ञात स्त्रीने आयुष्यभर झिजवला आहे.'

उद्घाटनाला आई आली होती. तिनं फलक वाचला, परत वाचला.

"अज्ञात? ढब्ब्या, तुझी दुपटी धुतलीत मी ह्याच्यावर. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा दगड आहे हा."

"आई, हळू बोल. आणि इथे ढब्ब्या नको म्हणूस."

"मग माझं नाव का नाही लिहिलंस?"

"ते फार घरगुती होतं गं. बघणाऱ्याला अज्ञात आवडतं."

त्या दिवसापासून आई घरीच मशीनसमोर स्टूल टाकून बसू लागली. गोल काचेत कपडे फिरताना बघायची. तिच्या मैत्रिणी आपापल्या घरी आपापल्या नळावर. भेटणार कुठे? उगाच कुणाच्या घरी जायचं तर काम काय सांगणार? संचालकाला वाटलं, चला, आई एकदाची सुधारली. धन्य आहे बाबाची!

आणि मग परीक्षक मंडळाचं पत्र आलं. परीक्षक येत आहेत, निम्मे गुण 'स्थानिकांच्या जिवंत सहभागा'ला आहेत, तरी तो सहभाग तयार ठेवावा.

संचालकाचं धाबं दणाणलं. जिवंत सहभाग तर त्यानं स्वतःच्या हातानं हाकलून लावला होता! तो तसाच घरी गेला. आईच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसला. लहानपणी काही हवं असलं की बसायचा, अगदी तसा.

"आई, एक दिवस धुणं घेऊन याल का गं सगळ्याजणी?"

"चतुरांना त्रास होईल की."

"आई, असं काय करतेस! माझी अब्रू आहे त्यात. तो साडू माझ्या उरावर बसलाय."

आईनं त्याच्याकडे बघितलं. मुलगा घामाघूम झाला होता. आईचंच काळीज ते, विरघळलंच.

"येऊ. पण कुलूप कायमचं काढायचं. आणि माझ्या दगडावरची ती काचही."

"काढतो."

"शपथ?"

"गळ्याशपथ, आई."

परीक्षकांच्या दिवशी बायका आल्या. आधी जरा बुजल्या, पण पाण्यात हात गेल्यावर कोण कुणाचं ऐकतंय! तीन परीक्षक, त्यातले टोपीवाले अध्यक्ष, आणि शेजारी मान वाकवून संचालक. आईच्या शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीनं, शिंपीणकाकूंनी, तोंड सोडलं.

"ए, तो बघ तुझा ढब्ब्या. काय ऐटीत उभा आहे! ह्याच हौदात चड्डीसकट पडला होता, आठवतं का? मीच तंगडी धरून बाहेर ओढला."

"आणि घरी जाऊन म्हणाला, मासा बघत होतो," दुसरी म्हणाली. सगळ्या खिदळल्या. परीक्षकही खिदळले. संचालकाचे कान लाल झाले.

आई मात्र हसली नाही. तिच्या दगडावर काच तशीच होती. काढायला वेळच झाला नव्हता म्हणे. ती परक्या दगडावर अवघडून बसली होती, हात नीट बसत नव्हता. चादर पिळता पिळता ती थांबली.

"पडला ते बरं होतं गं," ती शिंपीणकाकूंना म्हणाली, पण आवाज सगळीकडे गेला. "तेव्हा ओरडला तर 'आई' म्हणून ओरडला. आता बघ. माझ्या दगडाला काच लावली, दाराला कुलूप लावलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. मी काय मेले होते का?"

तिनं ओल्या बाहीनं डोळे पुसले.

मग टोपीवाल्या अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी त्यांना साथ दिली.

"वा! वा! काय प्रसंग बांधलाय! वारसा जपणाऱ्यावरच टीका, आणि तीही त्याच्या आईच्या तोंडून! लिहिलंय कुणी?"

संचालकानं आईकडे पाहिलं. ती अजून डोळेच पुसत होती. त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. डोळ्यांसमोर पितळी मशाल लखलखत होती.

"मीच," तो म्हणाला. "माझीच कल्पना."

पुरस्कार मिळाला, हे काय सांगायला हवं! व्यासपीठावर त्यानं 'माझी आई हीच माझी प्रेरणा' असं सांगितलं. साडूनं कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी पाठीवर थाप मारली. आईला बोलवायचं गडबडीत राहून गेलं. कुलूपही राहिलंच होतं, कारण परीक्षकांची गाडी वळली तसं त्यानं ते पुन्हा लावलं होतं. निकाल लागेपर्यंत जागा स्वच्छ राहायला नको का?

त्यातून मंडळानं सुचवलं की हा प्रसंग दर रविवारी पाहुण्यांसमोर व्हावा, अगदी जसाच्या तसा. परीक्षकांनी केलेलं ध्वनिमुद्रण होतंच. संचालकानं ते शब्द न् शब्द उतरवून टाइप करून घेतलं आणि एका हातात मशाल, एका हातात कागद अशा थाटात घरी आला.

आई स्टुलावर होती. मशीन थांबलेलं होतं. तिनं मशालीला हात लावून बघितला, "जड आहे रे," म्हणाली, आणि चष्मा लावून कागद वाचायला घेतले. तिचं बोट सावकाश एकेका ओळीखालून सरकत होतं. मध्येच ते थांबलं.

"'मी काय मेले होते का?'" तिनं वाचलं. "पुढे कंसात काय लिहिलंय? 'डोळे पुसते. टाळ्या.'"

"तिथेच सगळ्यात जास्त रंगतं, आई. फक्त बाही ओली ठेवायची. आणि रविवारी जरा लवकर ये, वेष देणार आहोत."

"हे मी शिंपीणबाईशी बोलत होते, पण सांगत तुला होते."

संचालक मशालीवरचा तिच्या बोटांचा ठसा पुसू लागला.

"ऐकलं नाहीस. उतरवून मात्र छान घेतलंस." तिनं पानं पुढे उलटली, मागे उलटली. "ह्यात मुलाचं बोलणं कुठे आहे?"

"मुलाला बोलणं नाहीये, आई. मुलगा ह्यात नाहीच."

"हं," आई म्हणाली. "मला वाटलं, टाइप करताना राहिलं असेल."

तिनं कागद नीट जुळवले, त्याच्या हातात परत दिले आणि मशीनमधून ओले कपडे बादलीत काढू लागली. त्याचा हात खिशात गेला. किल्ली तिथेच होती. ती आत्ता काढून हिच्या हातात द्यावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण रविवारची तिकिटं सगळी गेली होती, आणि पहिल्या रांगेत सासरे बसणार होते.

"आई, अगं, मग रविवारी तुझ्या जागी कोण?"

आईनं बादली उचलली आणि वाळत घालायला निघाली.

"बघ ना एखादी अज्ञात स्त्री," ती जाता जाता म्हणाली. "तुला तीच आवडते."