खिडकीवाल्याचं नाव

सभागृहाची तिकीटखिडकी बंद होऊन बरीच वर्षं लोटली, तरी तिथे तिकिटं देणाऱ्या या बाईच्या नवऱ्याला सगळी गल्ली अजून खिडकीवालाच म्हणायची. माणूस नाकासमोर चालणारा. इतका, की लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्याने सख्ख्या मेव्हण्याला कॉलर धरून सभागृहाच्या पायऱ्यांवरून खाली उतरवलं होतं. मेव्हणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो तेव्हा रांगेच्या कडेकडेने फिरत, ओठ न हलवता "आहेत, आहेत" असं पुटपुटत तिकिटं चढ्या भावाने विकायचा. आता या दोघांच्या मध्ये ही सापडलेली. तिने काय करावं? दोघांनाही एकाच टेबलावर जेवायला वाढलं आणि आठवडाभर दोघांशीही अबोला धरला.

धाकट्याने मात्र त्या कॉलरचा राग मनात ठेवला नाही. त्याला वेळ कुठे होता! तिकिटं खिडकीवरून उठून फोनवर गेली आणि त्याचं नशीबच उघडलं. आधी कापडाच्या दुकानावरची एक खोली आणि उसने आणलेले कॉम्प्युटर, मग तो अख्खा मजला, मग काचेच्या इमारतीत ऑफिस आणि दारात गोड हसायला पगारी ठेवलेली मुलगी. 'ब्लॅक' हा शब्द तिथे उच्चारायचा नाही, 'दुसरी विक्री' म्हणायचं. ज्या धंद्यात पोलीस दिसला की धूम ठोकावी लागे, त्याच धंद्याची आता टीव्हीवर जाहिरात लागायची. सामना असो की गाण्याचा कार्यक्रम, विक्री उघडली रे उघडली की धाकट्याची माणसं अर्ध्या खुर्च्या उचलायची, आणि लोकांनी हळहळून डोळे पुसावेत तोवर त्याच खुर्च्या तिप्पट भावाने समोर हजर. खिडकीचं काय झालं म्हणाल, तर आतून विटा रचून तिच्यावर शीतपेयाचं चित्र चिकटवलं. खिडकीवाला घरी बसला तो बसलाच.

मग त्याची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी गोड बोलून सांगितलं, पण अर्थ एवढाच की आता फार काळ नाही. खोलीच्या कोपऱ्यात हवेचं यंत्र आलं, त्याची नळी नाकाला लागली, आणि त्या घरघरीवाचून घरात कुणाला झोप येईनाशी झाली. यंत्राचं भाडं, औषधं, मुलीचं गाणं शिकणं, सगळं एकट्या बाईच्या अंगावर. तेव्हा धाकटा आला.

"ताई, मी पैसे दिलेले तुला रुचणार नाहीत," तो म्हणाला. "त्यापेक्षा माझं काम कर. घरबसल्या आहे."

काम साधं होतं. सभागृहवाले एका नावावर चारच तिकिटं देतात, म्हणून धाकट्याला नावं लागायची. खरी, जिवंत माणसांची, ओळखपत्रासकट. प्रत्येक नावाला एक फोन. ते फोन तिच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलेले असायचे. विक्री उघडली की त्यांच्यावर आकडे यायचे, आणि ते तिने चष्मा लावून, न चुकता, तिकडच्या माणसाला फोनवर वाचून दाखवायचे. आपण कुठल्या कार्यक्रमाची तिकिटं घेतोय हे तिला कधी कळत नसे. कळून करायचंय काय!

तिने आधी स्वतःचं नाव दिलं. मग शेजारणीचं, मग गावाला राहणाऱ्या नणंदेचं. नावं पुरेनात. एकदा धाकट्याने सहज विचारलं, "भाऊजींचं?" आणि आतल्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याचं ओळखपत्र तिने कपाटातून काढून दिलं. मन खात होतं, नाही असं नाही. पण यंत्राचं भाडं डोक्यावर होतं आणि नाव तर नुसतं पडून होतं. हे तिचं तिनेच स्वतःला समजावलं.

खिडकीवाल्याचं नाव फार चाललं. जुनं, स्वच्छ, कुठे डाग नाही. "भाऊजींचं नाव म्हणजे सोनं आहे," धाकटा म्हणायचा. नवऱ्याने विचारलंच, की हे एवढे फोन कसले, तर ती म्हणाली, "एका कंपनीची माहिती भरायची असते." त्याने मान हलवली. बायकोचा शब्द पडताळून पाहायची त्याला सवयच नव्हती.

पुढे केव्हातरी नवऱ्याच्या नावाचा फोन हातात घेतला तर पडद्यावर लाल पट्टी. तिने धाकट्याला विचारलं.

"लाल झालं का? जाऊ दे," तो म्हणाला. "खातं गेलं. फार वापरलं की पकडतात. फोन बाजूला ठेव."

तिने तो फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरून गेली.

त्याच सुमारास मुलीची निवड झाली. एक मोठी गायिका निरोपाचा कार्यक्रम करणार होती, तोही त्याच सभागृहात. तिच्या मागे गाणाऱ्या मुलींमध्ये हिला घेतलं, आणि तालमीत आवाज ऐकून बाईंनी हिला दोन ओळी एकटीने म्हणायला दिल्या. मुलगी धापा टाकत घरी आली आणि बापाच्या पायाशी बसली.

"बाबा, दोन ओळी माझ्या एकटीच्या आहेत," ती म्हणाली. "घरच्यांसाठी एकच पास मिळतो. तुमच्या नावाचा घेतलाय."

खिडकीवाला नळी सारखी करत बसला. मग म्हणाला, "तुला माहीत आहे, मी त्या सभागृहात कधी बसलोच नाही."

हे खरं होतं. उभी हयात त्या इमारतीत गेली, पण कार्यक्रम सुरू झाला की त्याचा हिशेब सुरू व्हायचा. जे काही गाणं त्याने ऐकलं ते खिडकीच्या मागच्या भिंतीतून. शब्द कळायचे नाहीत, नुसता ठोका आणि टाळ्या. मुलगी गायला लागली ती त्याच्यापायी. भिंतीतून आलेल्या चाली तो घरी येऊन गुणगुणायचा आणि तिच्याकडून शब्द भरून घ्यायचा. आता शेवटी आत बसायचं, तेही पोरीच्या दोन ओळींसाठी. डॉक्टरांनी नको नको म्हटलं तरी तो हट्टाला पेटला. आठ दिवस आधी त्याने कोट उन्हात टाकायला लावला.

चाकाची खुर्ची, मांडीवर हवेची छोटी टाकी आणि तो कोट. बायकोने त्याला सभागृहाच्या दारापर्यंत ढकलत नेलं. आत तिथला माणूस नेणार होता, ती बाहेर थांबणार होती. दाराशी जुना दारवान होता. त्याने खिडकीवाल्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे, खिडकीवाले! आज प्रेक्षक म्हणून? ओळख तरी दाखवाल की नाही आत गेल्यावर?"

"विचार करतो," खिडकीवाला म्हणाला. त्याला हसू आलं आणि हसण्याबरोबर खोकला आला.

काळा कोट घातलेल्या तरुण बाईने त्याचं ओळखपत्र यंत्रावर ठेवलं. यंत्र वाजलं. पडदा लाल झाला. तिने पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल.

खिडकीवाल्याच्या बायकोने त्या लाल रंगाकडे पाहिलं आणि टेबलाच्या ड्रॉवरमधला फोन तिला आठवला. तिकडे लाल झालं म्हणजे धाकट्याचं एक खातं गेलं, एवढंच तिला कळलं होतं. नाव म्हणजे माणूस, आणि तो माणूस कधीतरी स्वतःच्या पायांनी दाराशी येईल, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"या नावाला प्रवेश बंद आहे," बाई म्हणाली. "तिकिटांचा काळाबाजार."

"चूक असेल," खिडकीवाला शांतपणे म्हणाला. "मी इथेच खिडकीवर होतो. असल्या लोकांना मी पायऱ्या चढू दिल्या नाहीत. विचारा यांना."

"खरं आहे बाई," दारवान म्हणाला. "देवमाणूस आहे."

बाई काही वाईट नव्हती. ती खाली वाकली आणि हळू आवाजात बोलली. "हल्ली असं खूप होतं. घरातलं कुणीतरी न विचारता नाव वापरतं. कुणी वापरलं ते सांगा. मी इथेच तक्रार टाकते आणि तुमचं नाव मोकळं करते, पाच मिनिटांत आत जाल. पुढचं पोलीस बघतील. फक्त नाव सांगा."

खिडकीवाला म्हणाला, "माझ्या घरात कोण..." आणि तिथेच थांबला. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

तिला तेव्हा बोलता आलं असतं. 'मी वापरलं' एवढे दोन शब्द. पण पोलीस म्हटल्यावर तिची पाचावर धारण बसली. आपल्याला नेलं तर याची नळी कोण बदलणार, पोरीचं काय, धाकट्याचं काय, असं सगळं एकदम डोक्यात आलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापुढे लाजही वाटली. ती मूग गिळून उभी राहिली. टेबलावरचे फोन, आतल्या खोलीत येणारं तिचं दबकं आकडे वाचणं, सगळं त्याला एका क्षणात उलगडलं असावं. तिने ते त्याच्या तोंडावर पाहिलं.

आतून पहिली घंटा झाली.

"कुणी नाही वापरलं," खिडकीवाला बाईला म्हणाला. "मीच दिलं होतं."

"काका, नीट विचार करून सांगा."

"मीच दिलं. पैशाची गरज होती."

दारवानाने नजर खाली घातली. मग तो दुसऱ्याच लोकांची ओळखपत्रं पाहू लागला.

तिने खुर्ची मागे घेतली. घरी चला म्हणाली, तर त्याने हाताने नको म्हटलं आणि इमारतीच्या बाजूला बोट दाखवलं. शीतपेयाच्या त्या चित्रापाशी तिने खुर्ची लावली. भिंतीतून ठोका येत होता, मध्येच टाळ्या. त्याने कान भिंतीला लावला होता. पोरीच्या दोन ओळी कुठल्या, कधी येऊन गेल्या, काही कळलं नाही. ती एकदा "अहो" म्हणाली. त्याने ओठावर बोट ठेवलं. त्यानंतर त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, घरी येऊन कोट उतरवतानाही नाही.

मुलगी आली ती पांढरीफटक. दारवानाने तिला दाराशी झालेलं सगळं सांगितलं होतं, वाईट वाटून सांगितलं होतं, पण सांगितलं.

"समोरच्या चार रांगा रिकाम्या होत्या," ती बापाला म्हणाली. "म्हणे काळ्या बाजारात अडकल्या, शेवटपर्यंत भाव खाली केला नाही. मी त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर गायले. त्यात तुमच्याही नावाच्या होत्या का, बाबा?"

खिडकीवाल्याने तोंड यंत्राकडे फिरवलं. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिघं टेबलाशी बसली होती. चहा गार होत होता. फोन वाजला. आईचे हात ओले होते म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

"ताई, कालच्या कार्यक्रमात मार बसला, फार हाव केली," धाकटा म्हणाला. "असो. जुनी नावं सगळी लाल झाली. भाचीचं कोरं आहे ना अजून? आज मोठी विक्री आहे."

तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी मुलगी बोलली. बापाकडे न बघता बोलली.

"घ्या ना मामा माझं. आमच्या घरात देतात नावं. बाबांनी दिलंच होतं की."

खिडकीवाल्याने कप खाली ठेवला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण दम पुरला नाही, नुसता हात वर झाला. कालपासून पहिल्यांदा त्याने बायकोकडे पाहिलं.

"त्यांनी नाही दिलं," ती म्हणाली. "ते झोपले होते. मी कपाटातून घेतलं."

"काय?"

"काल माझं नाव सांगितलं असतं तर त्यांना आत सोडणार होते. त्यांनी सांगितलं नाही."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "तू तिथेच होतीस?"

"हो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"हो."

मुलगी उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. "ताई, काय झालं?" फोनमधून धाकटा विचारत होता. "ओळखपत्र पाठवतेस ना?" तिने तो बंद केला. मग दुसरा, मग तिसरा, एकेक करून टेबलावरचे सगळे.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. दोन ओळी होत्या. पहिली धड म्हटली गेली, दुसरी मध्येच फुटली, मग पुन्हा पहिल्यापासून. दार जाड होतं, शब्द नीट कळत नव्हते. खिडकीवाल्याने खुर्ची सरकवत भिंतीशी नेली आणि कान लावला. ती उठून दार उघडायला गेली, तर त्याने मानेनेच नाही म्हटलं. ती होती तिथेच बसली.

"अहो," ती म्हणाली, "ऐकू येतंय का?"

"नेहमीसारखं," तो म्हणाला.