स्वभावाने गरीब

दुकानाचं शटर वर गेलं की धाकटी सून आधी माशांकडे बघायची, मग पोपटांना दाणे टाकायची आणि सगळ्यात शेवटी, मन घट्ट करून, मागच्या भिंतीकडे वळायची. तिथे काचेच्या पेट्यांत कासवं, सरडे आणि सरड्याच्याच जातीचा एक हिरवा इग्वाना होता. पोपटांना भूक लागली की ते दुकान डोक्यावर घेत. मासेसुद्धा काचेला तोंड लावून मागून घेत. मागच्या भिंतीवरच्या जिवांना मात्र ओरडता येत नव्हतं, आणि ज्याला ओरडता येत नाही त्याच्या वाट्याला त्या दुकानात सगळ्यात कमी यायचं.

पेट्यांवर ऊब देणारे दिवे होते. पण ते दिवसभर लावायचे नाहीत, असा सासऱ्यांचा दंडक होता. दाराची घंटी वाजली की गल्ल्याखालचं बटण दाबायचं. दिवे लागले की गारठून बसलेले सरडे सरपटत उजेडाखाली येत आणि गिऱ्हाईकाला वाटे, काय तरतरीत आहेत हो! गिऱ्हाईक गेलं की बटण बंद.

"त्यांना काय कळतंय? त्यांच्यासाठी वीज जाळायला बसलोय का आपण?" सासरे म्हणत. माणूस दुष्ट नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीअडचणीला हातातलं काम टाकून धावायचा. पण नेहमीची सवय झालेल्या गोष्टीत काही वाईट असू शकतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

ऊब मिळाली नाही की सरड्याला खाल्लेलं पचत नाही. हाडं मऊ पडतात, आणि हळूहळू तो उजेडाकडे जायचंही सोडून देतो. अशाला या दुकानात आजारी म्हणत नसत. 'स्वभावाने गरीब' म्हणत, आणि लहान मुलांच्या घरी तोच आधी खपवत. चावत नाही, शेपटी मारत नाही, हातात दिला तरी पडून राहतो. मुलं खूश, आईबाप खूश. पुढे तो मेलाच, तर पोरांनी नीट सांभाळला नसेल.

बटण दाबायचं काम पूर्वी मोठ्या जाऊबाईंकडे होतं. त्या भर उन्हाळ्यात शाल पांघरून गल्ल्यावर बसत. घंटी वाजली की बटण दाबून मागे जात आणि गिऱ्हाईकाला पेट्या दाखवता दाखवता दिव्याखाली तळहात धरत. धाकटीने एकदा विचारलं होतं, "ताई, इतकी थंडी वाजते?" त्यांनी नुसती मान हलवली होती. पुढे त्यांचं बोलणं कमी झालं, आवाज बसला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, चाल मंदावली. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, "आमची मोठी म्हणजे अगदी गरीब गाय. घरात आहे की नाही, कळत नाही." आणि धाकटीकडे वळून म्हणत, "शीक जरा तिच्याकडून."

एका दुपारी घंटी वाजली आणि दिवे लागलेच नाहीत. जाऊबाई गल्ल्यावर डोकं टेकून बसलेल्या होत्या. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. थायरॉइडचा आजार, रोजच्या एका गोळीने आटोक्यात राहिला असता. "इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" ते म्हणाले.

लक्षात सगळ्यांच्या आलं होतं. त्याचीच तर सगळे तारीफ करत होते.

वाचकहो, धाकटीला भूतबीत दिसत नव्हतं. ती तशी खमकी बाई. पण त्यानंतर घंटी वाजली आणि तिचं बोट बटणाकडे गेलं की मधल्या क्षणात तिला मागे कुणीतरी हात चोळत उभं असल्यासारखं वाटे. ती वळून बघायची नाही. तिला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटायची. एकाच स्वयंपाकघरात दोघींनी दिवस काढले होते.

आता तो इग्वाना उजेडाकडे जाईनासा झाला होता. धाकटीने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "लगेच घेऊन या, अजून वाचेल." सासरे खो खो हसले. "सरड्याला डॉक्टर! उद्या झुरळांसाठी नर्स ठेवू." नवऱ्याने नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं, "बाबांचं दुकान आहे, बाबांचं चालणार," आणि तो माल आणायला निघून गेला.

त्याच दिवशी दुपारी एक बाई मुलीला घेऊन आल्या.

"न चावणारं काहीतरी दाखवा. ही जरा घाबरट आहे."

"मग हा बघा!" सासऱ्यांनी इग्वाना उचलून थेट मुलीच्या ओंजळीत ठेवला. "स्वभावाने अगदी गरीब. दिवसभर मांडीवर घेऊन बसलीस तरी हू की चू करणार नाही."

मुलगी हरखली. "आई, बघ ना, किती शांत आहे!"

धाकटीने हे जाऊबाईंबद्दल ऐकलं होतं. हेच शब्द, हाच कौतुकाचा सूर. आज गप्प बसलो तर हाही जीव तारीफ ऐकत ऐकत मरेल, आणि बोललो तर या घरात आपल्याला थारा राहणार नाही. दोन्ही तिला लख्ख दिसत होतं.

"तो शांत नाही, आजारी आहे," ती म्हणाली. "घेऊ नका."

"आमच्या सूनबाईंना चेष्टेची भारी सवय," सासरे हसले, पण मान लाल झाली होती.

"चेष्टा नाही, बाबा. याचा जबडा दाबून बघा, ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतोय. धड असता तर अनोळखी हातात असा राहिला असता? नखं मारून पळाला असता." ती मुलीपुढे वाकली. "बाळा, त्याला पळायचंय गं. अंगात ताकदच नाही त्याच्या."

मुलीने इग्वाना तिच्या हातात परत दिला आणि आईमागे जाऊन उभी राहिली. दोघी गेल्या. मग सासऱ्यांचा आवाज चढला. दुकानाची अब्रू, खाल्ल्या घराचे वासे, सगळं निघालं. आवाज ऐकून सासूबाई वरून खाली आल्या.

"मोठीने कधी तोंड वर करून शब्द काढला नाही!" त्या म्हणाल्या.

"म्हणूनच मेल्या त्या, आई."

धाकटीने टॉवेल घेतला, इग्वानाला गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. "मी याला डॉक्टरकडे नेतेय. परत आल्यावर घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

ती मागच्या खोलीत चप्पल घालत होती, तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता दुसरी फैर झडणार म्हणून धाकटीने खोकं छातीशी धरलं.

"माझ्या काखेत गाठ आहे गं," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. दुखत नाही, म्हणून बोलले नाही कुणाला. वाढतेय."

धाकटीने छातीशी धरलेलं खोकं जरा खाली घेतलं. तिला त्या बाईचा राग आला होता, तो गेला नव्हता. पण त्या चेहऱ्यावरची भीती तिच्या ओळखीची होती.

"चप्पल घाला," ती म्हणाली. "आधी तुमचा डॉक्टर, मग याचा."

दोघी दुकानातून बाहेर पडू लागल्या. सासरे गल्ल्यावरून गरजले, "आता तू कुठे निघालीस तिच्याबरोबर?"

एवढ्या वर्षांच्या संसारात सासूबाईंनी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. सगळीकडे त्याचंही कौतुक होतं. त्या उंबऱ्यावर थांबल्या आणि रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या,

"मला बरं नाही!"