आठ नंबर

वय एक्कावन्न, बुटांच्या दुकानातली नोकरी एकोणीस वर्षांची, तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. ताईच्या नवऱ्याच्या लेखी तर ती कायमचीच धाकटी, आणि धाकटीचं ऐकायचं नसतं असा भाऊजींचा नियम होता.

भाऊजींची सगळी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर दोन महिने त्यांनी ताईच्या स्वयंपाकघराला शिस्त लावली. तिने हात टेकले तेव्हा डॉक्टर मदतीला धावून आले. रक्तदाब वाढलाय, रोज चाला म्हणाले. भाऊजी चालता चालता पळायला लागले आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी बूटच काढून टाकले.

"लाखो वर्षं माणूस अनवाणी पळत होता," त्यांनी जेवताना धाकटीला ऐकवलं होतं. "बूट ही तुम्हा लोकांची बनवाबनवी आहे."

"लाखो वर्षं माणूस साठीपर्यंत जगतही नव्हता, भाऊजी. आणि पळायला सिमेंटचा रस्ता नव्हता. पळा अनवाणी, पण आधी गवतावर दहा मिनिटं. पोटऱ्यांना सवय होऊ दे."

भाऊजींनी ताईकडे भात मागितला.

आज दुपारी ताईचा फोन आला. "हे जिना बसून उतरले. एकेक पायरी. आणि रविवारच्या शर्यतीत दहा किलोमीटर अनवाणी पळणार म्हणतात. माझं डोकं उठलंय. पाठवतेय तुझ्याकडे."

चार वाजता भाऊजी लंगडत दुकानात शिरले आणि बाकावर बसले. "मी काही घ्यायला आलेलो नाही. तुझ्या ताईची कटकट थांबावी म्हणून आलोय."

धाकटी खाली बसली आणि तिने त्यांचा पाय हातात घेतला. तळव्याला फुटलेले दोन फोड होते, टाचेला चीर होती. हे तिला अपेक्षितच होतं. पण अंगठ्याचं नख काळं पडून जाड झालेलं होतं, आणि करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडून बसली होती. तीन आठवड्यांत असं होत नाही.

"हे नख कधीपासून असं आहे?"

"पहिल्यापासून. घराण्यातच आहे आमच्या."

"बूट किती नंबरचे घालता?"

"आठ."

तिने मापाची पट्टी जमिनीवर ठेवली. "उभे राहा."

"अगं, आठ म्हणून सांगितलं ना."

"उभे राहा, भाऊजी."

डावा पाय साडेनऊ भरला, उजवा दहा. भाऊजींनी वाकून पाहिलं आणि पट्टी चुकीची आहे म्हणाले. धाकटीने दुसरी आणली. तीही चुकीची निघाली. मग त्यांनी खिशातून स्वतःची स्टीलची पट्टी काढली, काउंटरवरून कोरा कागद मागवला, त्यावर पाय ठेवला आणि तिला पेन्सिल दिली.

"उभी धर. तिरकी धरलीस तर रेषा आत जाते."

तिने दात आवळून रेषा काढली. मग कपाटातून एक आठ नंबरचा बूट काढला, त्याच्या आतला तळ उचकटला आणि त्या चित्रावर ठेवला. अंगठ्याचा शेंडा आणि करंगळीची सगळी बाजू तळाच्या बाहेर राहिली. भाऊजी कागदाकडे बघत बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या रेषा तपासलेला माणूस होता तो. या रेषेशी त्यांना भांडता येईना.

"वडिलांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी आणले ते आठ होते," ते म्हणाले. "मग मी आठच मागत गेलो. बूट काढले की बरं का वाटतं, ते मला..."

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण धाकटीला संताप आला. पाय ठणकतात म्हणून भाऊजी लोकांच्या घरून अर्ध्यातून उठायचे, ताईला फिरायला कधी नेलं नाही, संध्याकाळी घरभर चिडचिड.

"तीस वर्षं ताई तुमच्या पायांसाठी पाणी तापवतेय," ती म्हणाली. "एकदा मोजून घ्यायला काय झालं होतं?"

भाऊजींनी पाय पुढे केला. तिने पुढून रुंद असलेले दहा नंबरचे बूट त्यांच्या पायात घातले, अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना ते दाबून पाहिलं. ते दारापर्यंत जाऊन आले.

"सैल आहेत."

"सैल नाहीत. बोटं मोकळी आहेत, तुम्हाला ते माहीत नाही."

ते पुन्हा चालले, मग दाराबाहेर गेले आणि दहा मिनिटं आलेच नाहीत. काउंटरवरची बाई म्हणाली, "तुमचे भाऊजी बूट घेऊन पळाले वाटतं." शेवटी ते घामाघूम होऊन परतले. पोटऱ्या दुखत होत्या, पण बोटं दुखत नव्हती, हे त्यांनी जरा नाराजीनेच कबूल केलं. बूट घेतले. दोन आठवडे पळणं बंद, हेही ऐकून घेतलं. कागद मात्र घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "म्हणतात, दुकानवाल्यांना काही कळत नाही, मी स्वतः मोजून शोधून काढलं. खरं का गं?"

"फोन दे त्यांना."

"ते शेजाऱ्यांचे पाय काढून घेतायत कागदावर."

रविवारी भाऊजी पळाले नाहीत. शर्यत संपते तिथे मात्र सकाळी सहापासून कागद-पेन्सिल घेऊन उभे राहिले. धाकटीला हे सोमवारी कळलं. दुकान उघडताच चार धावपटू हातात आपापल्या पायांची चित्रं घेऊन आत आले आणि त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, ते पायांचे तज्ज्ञ सर तुमच्याकडेच बसतात ना?"

"बसा," धाकटी म्हणाली, आणि मापाची पट्टी आणायला आत गेली.