पिंप विकायचं आहे, विरजण नाही

आयविंदनं जाहिरात टाकली ती आईला न विचारता. "घरगुती बियर आंबवण्याचं वापरलेलं सामान. एक लाकडी पिंप, एक तांब्याचा हंडा, लांब दांड्याचा डाव. स्थिती बरी."

गुन्हिल्डनं चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"वापरलेलं म्हणजे काय रे? मीही वापरलेलीच आहे. माझीही टाक. स्थिती बरी, गुडघे सोडून."

"आई, तसंच लिहितात."

"लिहीत असतील. तुमच्या शहरात सगळं न वापरताच जुनं होतं."

सामान जायला हवं हे तिलाही कळत होतं. वोस गावात चर्चमागे तिच्यासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथलं स्वयंपाकघर एवढं लांबरुंद की त्यात एक माणूस आणि एक बटाटा मावावा. पण पिंप दाराबाहेर पडण्याआधी तिला त्यात एकदा शेवटची बियर करायची होती. मुलाला वाटलं, आईचा जीव पिंपात अडकलाय. आईचा जीव पिंपात नव्हता, शेजारच्या शूरच्या तोंडात होता.

त्याचं असं झालं होतं. ह्या घरात चाळीस वर्षं बियर गुन्हिल्डच करायची. वासासाठी ज्युनिपर झुडपाच्या फांद्या तोडून आणायची ती, पाणी उकळायची ती, रात्र रात्र हंड्याखाली लाकडं सारायची ती, बियर आंबवणारं विरजण वर्षानुवर्षं पोटच्या पोरासारखं जपायची तीच. नवरा आर्नफिन एकच काम करायचा. विरजण पिंपात पडलं की मोठ्यानं ओरडायचा. ओरडल्याशिवाय बियरला जोर येत नाही, अशी रीत. आर्नफिनचा आवाज दरीपलीकडच्या गोठ्यात ऐकू जायचा, म्हणून सगळ्या दरीनं बियर त्याचीच ठरवली. काम करणाऱ्यापेक्षा ओरडणाऱ्याचं नाव होतं, ह्यात नवीन ते काय!

पिंपातला फेस बसला की शेजारी चाखायला यायचे. शूर हमखास यायचा. पहिला घोट घेऊन मोठ्यानं म्हणायचा, "वाईट नाही, आर्नफिन." दरीत ह्याच्यावर कौतुकाचा शब्द नाही. "छान आहे" आजाऱ्याला म्हणतात, नाहीतर पाद्रीबाईंच्या केकला.

चार वर्षांपूर्वी आर्नफिन गेला. त्यानंतरच्या चारही नाताळांना गुन्हिल्डनं तीच बियर केली, त्याच विरजणाची. शूर आला, तीन-तीन मग रिचवून रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलला आणि टोपी घालून निघून गेला. "वाईट नाही" मात्र एकदाही म्हणाला नाही. मग दरीत कुजबुज सुरू झाली. आर्नफिनबरोबर त्याची बियरही गेली म्हणे. हे ऐकून गुन्हिल्डनं तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं. तिच्यासारख्या बाईचे ते तीन दिवस म्हणजे गावाला सुट्टीच.

ऑक्टोबरातल्या शनिवारी, जेवणवेळेच्या आधी, जाहिरात वाचून ओस्लोहून हेनिंग नावाचा तरुण मोटारीला गाडा जोडून आला. तिशीतला, दाढी विंचरलेली. पिंपावरून असा हात फिरवत होता जसं काही वासरू घ्यायला आलाय. पाठोपाठ शूर आला. पिंप उचलायला मदत करतो म्हणाला. ऐंशीला टेकलेला माणूस आणि उचलायला आलाय! गुन्हिल्डनं टेबलावर सुकं मटण, पातळ कुरकुरीत भाकरी आणि त्या शेवटच्या बियरचे चार मग ठेवले.

हेनिंगनं घोट घेतला आणि डोळे मिटले.

"अहाहा! संत्र्याची साल! मग मध! आणि शेवटी हलकासा धूर... अप्रतिम! गुन्हिल्ड, अशी बियर मी जन्मात प्यायलो नव्हतो!"

गुन्हिल्डचा चेहरा पडला. एवढं कौतुक तिनं आजवर फक्त अंत्यविधीला ऐकलं होतं. ती मुलाच्या कानाशी वाकली.

"आंबट झालीय का रे?"

"नाही गं आई. त्याला खरंच आवडलीय."

"मग साल कुठून आली? मी स्वतः गाळलीय."

शूर खिडकीबाहेर बघत पीत होता. पहिला मग संपला. खड्ड्यांचा विषय निघाला. गुन्हिल्डनं दुसरा भरला, तो जरा आपटूनच.

हेनिंगनं पाकीट काढलं. "पिंपाचे आणि हंड्याचे ठरल्याप्रमाणे. आणि विरजणाचे किती?"

आयविंदनं मान खाली घातली. शूरचा मग हवेतच थांबला.

"विरजण विकत नसतात," गुन्हिल्ड म्हणाली. "शेजाऱ्याचं मेलं तर तो मागायला येतो. आपलं मेलं तर आपण जातो. आज विरजण विकेन, उद्या काय, 'सुप्रभात'चेही पैसे लावू?"

"मग मी मागतो."

"शेजारी आहेस तू? बघू, तुझं धुराडं दिसतंय का माझ्या खिडकीतून?"

तेवढ्यात शूरनं कोटाच्या खिशातून मुरंब्याची रिकामी बरणी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"बरणी."

"दिसतंय मला. गुडघे गेलेत, डोळे नाही."

"माझं विरजण मेलं. वसंतातच."

"अरेरे. फुलं पाठवायला हवी होती. पण दरीत आणखी सात घरं आहेत विरजणवाली."

"आहेत."

"मग?"

"तुझंच हवंय."

शहाण्या बाईला एवढं पुरलं असतं. पण गुन्हिल्डला शहाणी आजवर कुणी म्हटलं नव्हतं आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. तिनं बरणीवर हात ठेवला.

"तोंडानं बोल. नाव शूर, आणि दोन शब्द बोलायला छाती होत नाही!"

"चाळीस वर्षं बोलत होतो की."

"त्याच्याशी!"

शूर लाल झाला. "आर्नफिन माझ्यापासून हातभर अंतरावर बसायचा. त्याला काय मी बहिरा समजत होतो, इतक्या मोठ्यानं बोलायला? स्वयंपाकघराचं दार उघडं असायचं. तिकडे तोंड करून बोलायचो मी."

गुन्हिल्डनं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"मग तो गेल्यावर काय झालं तुझ्या जिभेला?"

"एकट्या बाईच्या घरी बसून असलं काही बोललो असतो, तर लोक काय म्हणाले असते?"

"सत्त्याहत्तर वर्षांची बाई मी! आणि लोक तोंड बंद ठेवून होते की काय? माझी बियर मेली म्हणून सांगत फिरत होते ते!"

"ते मला ठाऊक नव्हतं."

"आता ठाऊक झालं. आज घरात माणसं आहेत, तुझ्या अब्रूला धोका नाही. बोल."

शूर उठला. टोपी काढली. मगातली राहिलेली बियर सावकाश संपवली, मिशी पुसली आणि थेट तिच्याकडे बघत म्हणाला,

"वाईट नाही, गुन्हिल्ड."

हेनिंग ताडकन उभा राहिला. "वाईट नाही? असं कसं बोलतोस? बाईनं ह्या वयात एवढी मेहनत केलीय, आणि तू तिच्या तोंडावर... गुन्हिल्ड, त्याचं मनावर घेऊ नकोस. उत्तम झालीय!"

"ए, संत्र्याची साल!" गुन्हिल्ड गरजली. "खाली बस आणि भाकरी खा!"

हेनिंग बसला. तिनं पिंपाच्या तळाचं दाट विरजण डावानं बरणीत काठोकाठ भरलं, झाकण लावलं, पदराला हात पुसावा तसा एप्रनला पुसला. बरणी मात्र शूरला दिली नाही.

"ह्याच्या बडबडीत मला नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत म्हण."