काडी दुसऱ्याच्या हातात

"काडी थांबली का थांबाचं. काडी भटकली का भटकाचं. सूर इकडचा तिकडं झाला तरी आपल्या डोक्यानं सुधराचा नाई. समजलं का?"

पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमागच्या टिनाच्या शेडमध्ये सोळा जणांचा बँड उभा होता आणि मोरेश्वर मास्तर ताल दाखवायची काडी हातात धरून त्याला चुकायला शिकवत होते. याच लोकांना न चुकायला शिकवण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. त्यामुळे आज सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी चिंधूने क्लॅरिनेट खाली घेतलं. चिंधू दिवसा कपडे शिवायचा आणि बँडमध्ये पहिल्या दिवसापासून होता, म्हणून विचारायचा मान त्याचा.

"पण मास्तर, काडी तं तुमच्याच हाती रायते ना?"

"शनिवारी नाई राहणार," मास्तर म्हणाले.

शनिवारी सौंसरला शिक्षण खात्यातल्या भगवंतरावांचा निवृत्तीचा सत्कार होता. छिंदवाड्याहून मोठे साहेब येणार होते, आणि कार्यक्रमात भगवंतरावांची राज्यात गाजलेली रचना 'जामकाठ' वाजवायला पांढुर्ण्याचा बँड बोलावला होता. मास्तरांनी ठरवलं होतं ते एवढंच: अर्धी रचना झाली की थांबायचं, आता पुढचं खुद्द रचनाकार वाजवून घेतील असं चारशे लोकांसमोर सांगायचं, आणि काडी भगवंतरावांच्या हातात द्यायची. ज्याने रचना केली त्याला ती चालवता आलीच पाहिजे. भगवंतरावांना तर कोणता हात खाली आला म्हणजे सम येते, एवढंही ठाऊक नव्हतं.

कारण 'जामकाठ' त्यांची नव्हतीच. ती मोरेश्वर मास्तरांची होती.

मास्तर सोळाव्या वर्षी घरातून पळून कामठीला गेले होते. तिथे पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याचं घर झाडून, पाणी भरून त्यांनी पाच रेघांवरची स्वरलिपी शिकून घेतली. परत आले आणि शिंपी, न्हावी, हमाल असे मिळतील ते गडी जमवून बँड उभा केला. लोकांना वरातीत सिनेमाची गाणी हवी असत, ती ते वाजवत. पण मनातून ते स्वतःच्या रचना बांधत. प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, मोत्यासारखं अक्षर. 'जामकाठ' बांधायला त्यांना तीन उन्हाळे लागले. सुरुवातीला जिनिंगच्या पट्ट्याची चाल, मग जाम नदी उतरून सावरगावला जाणाऱ्या माणसांची पावलं, आणि मध्ये क्लॅरिनेटचा एकट्याचा लांब, विलंबित भाग. तो भाग बांधला त्या महिन्यात त्यांची आई गेली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये भोपाळला बँडसाठी लिहिलेल्या रचनांची स्पर्धा निघाली. भगवंतराव तेव्हा शाळेत शिक्षक होते, पंधरा ऑगस्टला बँड बोलवायचं काम त्यांच्याकडे असे. तेच फॉर्म घेऊन आले. फॉर्म हिंदीत, आणि अट अशी की रचनाकार सरकारी नोकरीतलाच हवा. भगवंतराव म्हणाले, मास्तर, नाव काय, कागदापुरतं; तिथे गेल्यावर मी स्वतः सांगीन कोणाची आहे म्हणून. मास्तरांना ते पटलं. आणि भगवंतरावांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा मास्तरांनी स्वतःच दौत-टाक घेऊन सोळाच्या सोळा कागदांवर, वरच्या कोपऱ्यात, सुबक वळणाने लिहिलं: रचनाकार, भगवंतराव. स्वतःच्या हाताने. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार घेऊन जायचं कोणाकडे?

पहिलं बक्षीस आलं. भगवंतराव तिथे काही बोलले नाहीत. परत आल्यावर म्हणाले, संधीच मिळाली नाही. मग बढती झाली, मग छिंदवाड्याला बदली, मग आणखी वर. दर सव्वीस जानेवारीला मास्तर काडी घेऊन उभे राहत आणि लाउडस्पीकरवर भगवंतरावांचं नाव पुकारलं जाई. बारा वर्षं मास्तरांनी डूख धरला. नागाने धरावा तसा. वरातीपुढे चालताना, दाढी करताना, जेवताना ते एकच चित्र पाहत: भगवंतराव उभे आहेत, हात वर आहे, बँड बिघडत चालला आहे आणि लोक हसत आहेत. ते चित्र पाहिलं की त्यांना बरं वाटे. देवाचं नाव घेऊन जेवढं बरं वाटत नसे, तेवढं.

शुक्रवारी त्यांची बायको मनकर्णा गणवेशाची बटणं लावत होती. तिला बेत कळला होता. बँडवाल्यांच्या सोळा बायकांना कळल्यावर तिला कळणारच. ती म्हणाली, "बारा वर्षं झाले जी. सुंभ जळला, पीळ काही जाऊन नाई राहिला तुमचा."

"माह्या मायचं गाणं आहे ते," मास्तर म्हणाले.

मनकर्णेचा हात थांबला. तिला हे आजच कळत होतं. मग तिने उरलेली बटणं लावली आणि गणवेश घडी करून ठेवला.

शनिवारी सकाळच्या एसटीच्या टपावर ढोल बांधून बँड सौंसरला पोचला. शाळेच्या पटांगणात मांडव होता, पाहुण्यांपुढे संत्र्यांच्या टोपल्या होत्या. भगवंतराव मास्तरांना पाहून स्वतः उठून आले. केस पांढरे झाले होते, चालणं मंदावलं होतं. "आलात मास्तर, बरं झालं," म्हणाले. मास्तरांनी नमस्कार केला. माणूस थकलेला पाहून कोणाला दया आली असती. मास्तरांना भीती वाटली ती एवढीच, की आज याची तब्येत बिघडून कार्यक्रम रद्द होऊ नये.

भाषणं झाली. 'जामकाठ'चे थोर रचनाकार म्हणून तीन वेळा टाळ्या झाल्या. मग मास्तर उभे राहिले, काडी उचलली, आणि जिनिंगचा पट्टा फिरू लागला. बँड असा वाजत होता की मागे उभी असलेली माणसंही गप्प झाली. पावलांचा भाग आला, संपला. क्लॅरिनेटच्या भागाआधी मास्तरांनी काडी खाली घेतली. सगळं थांबलं.

"पुढचा भाग फार नाजूक आहे," ते वळून म्हणाले. भाषणाची भाषा त्यांनी आठवडाभर घोकली होती. "तो ज्यांनी रचला त्यांनीच आज वाजवून घ्यावा, अशी आम्हा बँडवाल्यांची इच्छा आहे. आणि तिथून थेट शेवटपर्यंत, तेही त्यांच्याच हातून."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भगवंतराव हात जोडून नको नको म्हणत होते. मोठ्या साहेबांनी त्यांना उठवलंच. मास्तरांनी काडी त्यांच्या मुठीत दिली आणि क्षणभर दोघांची नजर भेटली. भगवंतरावांना सगळं कळलं. ते कळलेलं मास्तरांनी डोळे भरून पाहिलं, आणि शांतपणे खाली उतरून तिसऱ्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.

भगवंतरावांनी काडी वर केली. ती आधी उजवीकडे गेली, मग कुठे जावं ते तिला कळेना. मास्तरांच्या हुकमाप्रमाणे पितळी कॉर्नेट अडखळलं. दुसरं कॉर्नेट उशिरा उठलं. ढोल एकदा वाजला आणि थांबला. मागे कोणीतरी खुदकन हसलं. मास्तरांच्या अंगावर काटा आला. बारा वर्षं पाहिलेलं चित्र जसंच्या तसं समोर उभं होतं; भगवंतरावांच्या कानशिलावरचा घामसुद्धा तिथेच होता.

आणि चिंधूने डोळे मिटले.

डोळे मिटलेल्या माणसाला काडी दिसत नाही. क्लॅरिनेटचा पहिला सूर सरळ आणि लांब निघाला. मास्तर खुर्चीत ताठ झाले, त्यांनी मान हलवली, नाही, नाही. चिंधू कुठला पाहतो? तो वाजवतच राहिला. दोन ओळी त्याने एकट्याने ओढल्या. मग कॉर्नेटवाल्याने काडीवरची नजर काढून चिंधूवर लावली. मग ढोलाने. बघता बघता बाकीचे पंधराही जण त्याच्यामागे गेले, आणि भगवंतरावांची काडी नुसती वाऱ्यावर हलत राहिली, हलली तरी तेच, न हलली तरी तेच.

मास्तरांना आधी नुसता संताप आला. चिंधूची मुंडी मुरगळावी असा. तो संताप पोटात असतानाच त्यांचे कान कामाला लागले, कारण ते कान कोणाचं ऐकत नसत. आपली रचना त्यांनी लोकांच्या खुर्चीत बसून कधी ऐकलीच नव्हती. ढोल इथून फार जड लागत होता. कॉर्नेट बरोबर होतं. चिंधू मात्र दुसऱ्या ओळीत एक मात्रा आधी उचलत होता. शेडमध्ये उभं राहून हे कधी कळलं नव्हतं.

रचना शेवटपर्यंत गेली. माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली आणि लाउडस्पीकरवर पुन्हा तेच नाव पुकारलं गेलं. भगवंतराव पायऱ्या उतरून थेट मास्तरांपाशी आले. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि हळू आवाजात म्हणाले, "वाचवलंत मला. तुम्ही खूण केली म्हणूनच ते वाजले. माझी लायकी नव्हती मास्तर."

"मी नाई वाचवलं," मास्तर म्हणाले. "मी तुमाले बुडवाले आलो होतो."

भगवंतरावांनी हात आणखी घट्ट धरले. "हाच तुमचा मोठेपणा," ते म्हणाले, आणि साहेबांनी बोलावलं म्हणून गेले.

परतीच्या एसटीत बोरगाव मागे पडलं तेव्हा चिंधू उठून मास्तरांच्या बाकाशी येऊन उभा राहिला. दांडा धरून, मान खाली घालून.

"उद्यापासून येत नाई मी, तुमी म्हणान तं," तो म्हणाला. "पण मास्तर, मनकर्णाबाईनं काल सांगतलं मले, ते तुमच्या मायचं गाणं आहे म्हणून. मंग मी ते कसं बिघडवू?"

मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. संत्र्याचे बगीचे मागे जात होते. त्यांचा राग काही गेला नव्हता. भगवंतरावांचं नाव आठवताच तो पुन्हा वर आला. चिंधू तसाच उभा होता.

"दुसऱ्या ओळीत एक मात्रा आधी उचलतं तू," मास्तर म्हणाले.

"हो. दम पुरत नाई आता."

मास्तरांनी गुडघ्यावर बोटाने ती ओळ एकदा मोजली. मग पुन्हा एकदा मोजली.

"तशीच ठेव," ते म्हणाले आणि चिंधूला बसायला जागा व्हावी म्हणून खिडकीकडे सरकले.