सुट्टी न घेणारा मीटर

कपडे बदलायच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं आणि दोन्ही दिवे लख्ख जळत होते. काकांनी दारातूनच आत हात घालून बटणं खटाखट बंद केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आतल्या कपाटांना अंधाराची भीती वाटते का रे?"

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. लोक त्याला हसतात, त्याच्या पाठीमागे नकला करतात, पण तो रजेवर गेला की कुणाला तरी चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. काका त्या धुलाई कारखान्याचे सुपरवायझर होते. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, डॉक्टरांचे कोट, सगळं तिथे गठ्ठ्यांनी यायचं आणि घडी होऊन परत जायचं. काका दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे आणि जाता जाता पंखे, दिवे बंद करायचे. आपल्याइतकी वीज या कारखान्यात कुणी वाचवली नाही, असा त्यांचा ठाम समज होता.

काकूही त्याच कारखान्यात होत्या, इस्त्रीखान्यात. जे कपडे यंत्राला जमत नाहीत ते तिथे हाताने इस्त्री व्हायचे. सात-आठ बायका, लांबलचक टेबलं आणि अखंड गप्पा. काकू त्यांच्या म्होरक्या. घरी नवरा-बायको, कारखान्यात साहेब आणि कामगार. पण कारखान्यातसुद्धा काकूंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं, की साहेबांचा आवाज दोन पट्ट्या खाली यायचा.

एके दिवशी बाईसाहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाईंनी, काकांना बोलावलं. विजेचं बिल त्यांच्यापुढे पडलं होतं आणि चेहरा उतरला होता.

"काका, हे असंच चाललं तर दर वाढवावे लागतील. दर वाढवले तर गिऱ्हाईक जाईल. एवढी वीज जाते कुठे?"

काका क्षणभरही थांबले नाहीत. "इस्त्र्या, बाईसाहेब! दिवसभर तापलेल्या असतात. दुसरं काय?"

बाईसाहेबांनी मान डोलावली. "माझ्याही मनात तेच होतं. मग इस्त्रीखाना बंदच करू. ते कपडे बाहेरून करून घेऊ."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. शब्द तर निघून गेला होता! 'अहो, तिथे आमची ही आहे,' हे ओठांवर आलं आणि तिथेच थबकलं. आपल्या माणसासाठी रदबदली करणारा सुपरवायझर म्हणून त्यांना मिरवायचं नव्हतं.

"पण त्याआधी," बाईसाहेब म्हणाल्या, "मी एक सल्लागार बाई बोलावलीय. कारखान्यांची ऊर्जा कशी सांभाळायची, तेच तिचं काम. ती काय म्हणते ते बघू आणि मग ठरवू."

संध्याकाळी काका घरी गेले ते मान खाली घालूनच. बातमी त्यांच्याआधी पोहोचली होती.

"इस्त्र्या वीज खातात, असं तुम्ही सांगितलंत?" काकूंनी ताट वाढता वाढता विचारलं.

"विचारलं म्हणून सांगितलं."

"मोजली होतीत?"

"त्यात मोजायचंय काय? हात लावला की चटका बसतो!"

"म्हणजे चटका देईल तो गुन्हेगार, आणि ते कारखान्याच्या कोपऱ्यातलं धूड दिवसभर धडधडतं ते साधुसंत? अहो, मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी गत आहे तुमची." एवढं बोलून त्यांनी काकांच्या ताटात आणखी भात वाढला. काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो न मागता वाढलेला भात काका नुसता चिवडत बसले.

सल्लागार बाई आल्या त्या तिशी-पस्तिशीच्या, पायांत मजबूत बूट आणि खांद्याला अवजारांची पिशवी. त्यांनी वायरमनला हाताशी धरून प्रत्येक विभागाच्या वायरीवर एकेक छोटा मीटर बसवला आणि भिंतीवर एक पडदा लावला. कुठला विभाग या घटकेला किती वीज घेतोय, ते त्यावर रंगीत पट्ट्यांत दिसायचं. कामगारांनी त्यांचं नाव 'मीटरताई' ठेवलं आणि लगेच कुजबुज सुरू झाली, की हा आपल्यावर पहारा आहे. काकांनी तर सरळच विचारलं, "मॅडम, हे यंत्र वीज वाचवणार की आणखी खाणार?"

मीटरताई खळखळून हसल्या. "काका, वजनकाट्यावर उभं राहून कुणी बारीक झालंय का? काटा फक्त आकडा दाखवतो. खाणं आपणच आवरायचं."

काकांना उत्तर आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

काही आठवडे नुसतं मोजमाप चाललं. इस्त्रीखान्याची पिवळी पट्टी पडद्यावर अगदी बुटकी दिसायची. काकांना वाटलं, यंत्रच बिघडलंय. मग एकदा, सुट्टीनंतरच्या सकाळी, मीटरताई त्यांना पडद्यासमोर घेऊन गेल्या.

"काका, काल कारखान्यात कोण होतं?"

"काल? काल साप्ताहिक सुट्टी. कुलूप मी स्वतः लावतो."

"मग ही सगळ्या कारखान्याची पट्टी बघा. दिवसभर वीज चालू होती. दर सुट्टीला असंच होतंय."

काकांचे डोळे विस्फारले. "चोरी! कुणीतरी आपली वीज चोरतंय!"

"तर मग पुढच्या सुट्टीला चोर पकडू या," मीटरताई म्हणाल्या.

हे काकूंच्या कानावर जाताच त्यांनी जाहीर केलं, "मीही येणार. चोर कसा दिसतो ते आयुष्यात एकदा बघू दे."

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघांनी कारखान्याचं दार उघडलं. एवढ्या वर्षांत काकांनी तो इतका शांत कधी ऐकलाच नव्हता. धुलाईयंत्रं गप्प, वाळवणीचे ढोल गप्प. फक्त कोपऱ्यातला कॉम्प्रेसर, म्हणजे घडी घालायच्या यंत्रांना दाबाची हवा पुरवणारा तो मोठा पंप, धडधडत होता. थोडा वेळ चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा.

"हा तर चालूच ठेवतो आम्ही. टाकी भरली की आपोआप थांबतो, म्हणून माझ्या लक्षातच आला नाही," काका म्हणाले. "पूर्वी एकदा सकाळी दाब कमी पडला आणि बाईसाहेबांच्या आधीच्या थोरल्या मालकांनी मला चारचौघांत झापलं. तेव्हापासून मीच सांगून ठेवलंय, हा कधी बंद करायचा नाही."

"बरोबर. पण काका, आज हवा कुणी वापरत नाहीये. एकदा टाकी भरली की पंप थांबायला हवा. तो पुन्हा पुन्हा का सुरू होतोय? भरलेली टाकी रिकामी कशी होतेय?"

इतक्यात काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "थांबा. ऐका."

स्स्स... घडीच्या यंत्रामागून बारीक आवाज येत होता. मग दुसरीकडून. मग वरच्या पाइपातून. रोजच्या गोंगाटात हा आवाज कुणाच्या बापाला ऐकू आला नसता!

काकू लगबगीने गेल्या आणि बादलीभर साबणाचं पाणी फेसाळून घेऊन आल्या. धुलाई कारखान्यात साबणाला काय तोटा! ब्रशाने फेस पाइपच्या सांध्यांवर लावायचा, हवा गळत असेल तिथे फुगे येतात, हे मीटरताईंनी दाखवलं आणि मग काय विचारता! काकू लहान मुलीसारख्या ओरडू लागल्या, "अहो, इकडे बघा, केवढा फुगा! आणि हा, हा बघा!" काका गुडघे टेकून यंत्राखाली शिरले. बाहेर आले तेव्हा भुवयांना फेस लागला होता आणि चेहरा पडला होता.

"म्हणजे चोर मीच," ते हळूच म्हणाले. "लोकांमागे हात धुऊन लागलो, बटणं बंद करत फिरलो, आणि इथे माझ्याच हुकमाने..."

काकूंनी पदराने त्यांच्या भुवया पुसल्या. मीटरताई शेजारच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"चोर कुणीच नाही, काका. जे डोळ्यांना दिसत होतं, ते तुम्ही इमानाने बंद केलंत. पण हवा दिसत नाही. आपली वाफही विजेवरच बनते, आणि तिच्या वेष्टन नसलेल्या पाइपांतून उष्णता निघून जाते, तीही दिसत नाही. सकाळी भोंगा झाला की तुम्ही सगळी यंत्रं एकदम सुरू करता ना?"

"हो, एका दमात!" काकांच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता.

"तेव्हा आपली विजेची मागणी एकदम आभाळाला भिडते, आणि बिलात त्या सर्वांत उंच मागणीचे वेगळे पैसे लागतात. आता हे तरी कुणाला डोळ्यांनी दिसणार? कळकळ तुमच्याकडे आहेच. तिला मोजमापाची जोड मिळाली ना, की कुणावर ठपका ठेवायची गरजच उरत नाही."

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांसमोर बैठक झाली. मीटरताई बोलायला उठणार, तोच काका उभे राहिले.

"बाईसाहेब, आधी मी बोलतो. इस्त्र्या वीज खातात, हे मी न मोजता सांगितलं. इस्त्रीखान्याचा वाटा सगळ्यांत लहान आहे. कॉम्प्रेसर सुट्टीत चालतो तो माझ्या हुकमाने आणि सगळी यंत्रं एकदम सुरू होतात तीही माझ्याच हुकमाने. बंद करायचाच असेल तर माझा हुकूम बंद करा, त्या बायकांचं काम नको!"

बाईसाहेबांनी समोरचं बिल बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "काका, मीही न मोजताच मान डोलावली होती. सुधारणा करा. इस्त्रीखान्याचं त्यानंतर बघू."

कामाला सुरुवात झाली. गळके सांधे बदलले. वाफेच्या पाइपांना जाड वेष्टन चढलं. कॉम्प्रेसर संध्याकाळी बंद होऊ लागला आणि सकाळी कामाच्या थोडा आधी सुरू होऊ लागला. दाब एकदाही कमी पडला नाही! यंत्रं एकामागून एक सुरू व्हायला लागली. इस्त्रीखान्यातल्या बायकांनीही आपणहून सुचवलं, की कोट साठवून सलग करू, म्हणजे इस्त्र्या रिकाम्या तापत राहणार नाहीत. बिल उतरलं. काकांची छाती पुन्हा फुगली.

पण काही महिने गेले आणि पट्ट्या हळूहळू परत चढायला लागल्या. दुरुस्तीसाठी काढलेलं वेष्टन कुणी परत घातलंच नव्हतं. कॉम्प्रेसर पुन्हा रात्रभर चालू राहत होता. काका संतापले. "दंड लावा एकेकाला! सरळ होतील!"

"काका," मीटरताई शांतपणे म्हणाल्या, "एकदा आंघोळ केली म्हणून माणूस जन्मभर स्वच्छ राहतो का? आपण दुरुस्ती केली, पण व्यवस्था लावली नाही. कोण बघणार, कधी बघणार, किती कमी करायचं आणि बिघडलं तर कुणाला सांगायचं, हे ठरलंच नाही. मग दंड कुणाला आणि कशाबद्दल?"

दोन दिवसांनी काकाच बाईसाहेबांकडे गेले आणि बोलून आले. प्रत्येक विभागातून एक माणूस निवडला गेला. इस्त्रीखान्यातून काकू आल्या, हे सांगायला नकोच. दर आठवड्याला सगळे पडद्यासमोर जमायचे, मागच्या आठवड्याचं ठरलेलं झालं का ते पाहायचे, पुढचं ठरवायचे. कुणाची पट्टी वाढली तर 'कुणी केलं' असं विचारायचं नाही, 'का झालं' असं विचारायचं, हा नियम काकांनी स्वतः घातला. बाईसाहेबही येऊ लागल्या. एका बैठकीत काकूंनी भरल्या सभेत विचारलं, "बाईसाहेब, तुमच्या खोलीतला एसी तुम्ही नसतानाही चालू असतो, तो का?" बाईसाहेब आधी लाल झाल्या, मग हसायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर अख्खा कारखाना हसला. पहाऱ्याची भाषा त्या दिवसापासून संपली.

वर्ष सरता सरता बाईसाहेब स्वतः इस्त्रीखान्यात आल्या. "दर न वाढवता निभावलं आपण," त्या म्हणाल्या. "एका नव्या इस्पितळाचं काम मिळालंय. कोट भरपूर आहेत. तुम्हाला आणखी दोन बायका लागतील." टेबलांवर इस्त्र्या उभ्या राहिल्या आणि एकच गलका झाला. काका दाराबाहेर उभे होते. त्यांना आत जायचं होतं, पण डोळे कोरडे होईपर्यंत त्यांनी पाइपाचं वेष्टन तपासण्याचं नाटक केलं.

त्या आठवड्यात त्यांनी मीटरताईंकडून एक हातातला मीटर घरी आणला आणि फ्रिजला जोडला. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "अगं, याचं दाराचं रबर गेलंय वाटतं."

"वाटतं?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही, नाही. मोजतो आणि सांगतो."

मंडळी, ऊर्जा वाचवायची म्हणजे अंधारात बसायचं नसतं आणि कुणाची भाकरीही हिरावायची नसते. आपली बहुतेक नासाडी आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी होते, आणि ठपका मात्र आपण दिसणाऱ्या माणसावर ठेवतो. तुमची कचेरी असो, शाळा असो, कारखाना असो, आधी मोजा. मग सगळ्यांनी मिळून ठरवा आणि ठरलेलं पुन्हा पुन्हा तपासत राहा. पैसा वाचेल, वीज वाचेल, आणि एकमेकांकडे संशयाने पाहायची सवयही सुटेल. ही तिसरी बचत कुठल्याच बिलात दिसत नाही, पण घराला आणि कारखान्याला सावरून धरते ती तीच!