जड चाप

प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील ज्याने मनोभावे स्वीकारले आहे, त्याने आपल्या लेकीच्या रक्षणासाठी शस्त्र सुलभ करून द्यावे की नाही? धम्म एक सांगतो, बापाचे काळीज दुसरेच सांगते. आणि दोघांचेही म्हणणे पटू लागले की भला माणूस जागच्या जागी खिळून राहतो. अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी राहणाऱ्या भानुदास मेश्रामांचे १९९५च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी असेच झाले.

गॅरेजमधल्या बाकावर, जुन्या टॉवेलवर, उपासनाने आणलेले चव्वेचाळीस कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर पडले होते. उपासना त्यांची एकुलती एक लेक. डेट्रॉइटमधले एक औषधांचे दुकान ती रोज सकाळी एकटीच उघडत असे. मार्चमध्ये शटरपाशीच एकाने तिच्या गळ्याला चाकू लावला आणि गुंगीच्या गोळ्या घेऊन तो पळाला. तेव्हापासून ती नेमबाजी शिकू लागली होती. हे जुने शस्त्र तिने एका सहकाऱ्याकडून घेतले होते.

"बाबा, चाप ओढताना नुसती खरखर होते. आणि इतका हेवी आहे की नळी हलते. टार्गेट समोर आणि गोळी पार्किंग लॉटमध्ये! तुम्ही फिक्स कराल ना?"

भानुदासांची सारी नोकरी मोटारींच्या ब्रेकचे पेडल पायाला सुखकर करण्यात गेली होती. खरखर काढणे हा त्यांचा हातखंडाच. तरी हात पुढे होईना.

चहा घेऊन आलेल्या कमलाबाई म्हणाल्या, "उद्या बुद्धवंदनेला आपल्या बेसमेंटमध्ये सगळ्यांना पंचशील तुम्हीच देणार, आणि आज हे?"

"मग आई, तू चल रोज माझ्याबरोबर."

"येईन की. पण मला बघून तो चोर चहा मागेल."

तिघेही हसले. हसू ओसरल्यावर उपासनाचा हात नकळत गळ्याकडे गेला. भानुदासांनी ते पाहिले आणि पेचकस उचलला.

शस्त्र रिकामे असल्याची त्यांनी पुनःपुन्हा खात्री केली. बाजूची पट्टी काढताच दिसले, की चाप आणि घोडा जिथे एकमेकांवर घासतात तिथे कारखान्यातल्या यंत्राचे ओरखडे तसेच राहिले होते. तेल लावलेल्या बारीक दगडावरून ते पृष्ठभाग ते हलकेच फिरवू लागले. हात रमला तसा त्यांना एक विचार सुचला. खरखर हाताला फसवते. जडपणा मात्र हाताला विचारतो, 'नक्की ना?' तेव्हा खरखर घालवावी आणि जडपणा ठेवावा. हाच मध्यम मार्ग! स्प्रिंग हलकी केली तर घोड्याचा आघात कमी पडेल आणि ऐनवेळी गोळी उडणारच नाही, हे कारणही हाताशी होतेच. पण ते कारण की निमित्त, हे त्यांचे त्यांनाच कळेना.

जोडणी करून त्यांनी चाप स्वतः ओढून पाहिला. लोण्यासारखा सरकला. ते समाधान पावले.

उपासनाने नळी भिंतीकडे रोखून चाप ओढला. दात आवळले, मनगट वाकले, नळी पुन्हा खाली गेली.

"स्मूथ आहे, बाबा. पण हेवी तेवढाच."

"तो मी मुद्दाम ठेवला आहे. ओढण्यापूर्वी विचार व्हावा म्हणून."

"विचार?" तिचा आवाज चढला. "माझी गोळी शेजारच्या बाईला लागली तर ते कुठल्या शीलात बसतं?"

भानुदासांची नजर तिच्या बोटावर गेली. ते चापापर्यंत जेमतेम पोचत होते. नुसत्या टोकाने ती सारे ओझे खेचत होती. पेडल तपासताना सर्वांत ठेंगण्या चालकाला आधी बसवा, असे ते नव्या इंजिनिअरांना बजावत आले होते. आणि आज पोटच्या पोरीचे शस्त्र त्यांनी स्वतःच्या मुठीने आणि स्वतःच्या शीलाने तोलले होते.

"चुकलो, बाळा. आधी तुझा हात पाहायला हवा होता. याची मूठच तुझ्या हाताची नाही. मी कितीही घासले तरी ते तुझे होणार नाही."

"मग लहान घेते. तेही स्मूथ करून द्याल?"

त्यांना 'हो' म्हणवेना, 'नाही'ही म्हणवेना. कमलाबाईंकडे पाहिले, तर त्या खाली पाहत होत्या.

"सोमवारी शटर मी उघडीन," ते अखेर म्हणाले. "पुढचे मला कळत नाही."

"तुम्ही काय करणार तिथे?"

"उभा राहीन."

उपासनाने शस्त्र टॉवेलात गुंडाळले, सहकाऱ्याला परत देण्यासाठी. मग तिने बापाच्या खांद्यावर डोके टेकले.

त्या लेकीची प्रत्येक सकाळ निर्भय उगवो. न उलगडलेल्या प्रश्नासह तिच्याजवळ उभे राहण्याचे बळ तिच्या मायबापांना लाभो. आणि चाकू घेऊन आलेल्या त्या अभाग्यालाही कधीतरी गोळ्यांवाचून शांत झोप लागो.